एक पुस्तक, सहा जण

छबी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना, या काळजीने मला झोप लागत नसे. शिकलेल्या बाईला काळज्याही जास्त सुचतात! सासूबाईंचं निदान तयार होतं: "जिथे सगळे गप्प बसतात तिथे रोज पोरीला नेतेस. ती काय बोलणार!" त्यांना कसं सांगू, की आमच्या टेबलाशी गप्प कुणीच नसे. म्हणून तर इतके किस्से साठले.

उल्हासनगरच्या कॅम्पात, एका जुन्या बराकीत कॉलेजची लायब्ररी होती. अर्धवट राहिलेलं बी.ए. पुरं करायला मी अंबरनाथहून टांग्याने जाई. नेमलेल्या पुस्तकाची प्रत एकच, वाचणारे सहा. म्हणून एकाने हळू आवाजात वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पान संपलं की वाचणारा विचारी, "झालं? उलटू?" सगळ्यांच्या माना हलल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा कायदा.

*

एकदा आमच्यातल्या लछमनची मान हलेना. पहाटेपासून बापाच्या मिठाईच्या दुकानात राबून आलेला, बसल्याबसल्या झोपला होता.

"उठवा की!"

"नको, राहू दे. तोवर हेच पान पुन्हा वाचू."

वाचता वाचता पाठ झालं. शेवटी लछमन दचकून उठला, गंभीरपणे मान हलवून म्हणाला, "हां, झालं!"

परीक्षेत नेमका त्याच पानावर प्रश्न. उत्तर कोरं फक्त लछमनचं!

*

ग्रंथपालसाहेब एकदा तावातावाने आले. "इथे वाचायला येता की बोलायला?"

"साहेब, दुसरी किताब द्या, आत्ता गप्प बसतो," लछमन म्हणाला.

दुसरी प्रत कुठली असायला! साहेब स्टूल ओढून ऐकत बसले. दुसऱ्या दिवसापासून कायद्यात एक मान वाढली.

*

छबी माझ्या मांडीवर असे. एक दिवस तिने पानावर पंजा ठेवला, काढेचना.

"अरे, छबीची मान राहिली!" लछमन म्हणाला. तिने मान हलवली, पंजा उचलला. तेव्हापासून तिलाही विचारू लागले.

"समजतं सगळं, मग बोलत का नाही रे?"

"अदी," तो मला ताईच्या जागी अदी म्हणे, "तिचं ऐकून झालं नसेल अजून."

*

तरी सासूबाईंचं बोलणं मनात रुतलंच. एका दुपारी, वाचन चालू होण्याआधी, सांगून टाकलं, "उद्यापासून मी येणार नाही. हिला चार पोरांत ठेवते. परीक्षेचं काय, राहील."

लछमनने वाचायला घेतलं. पान संपलं, पण विचारायचं त्याला सुचेना. साहेब चष्मा पुसत बसले. पुस्तक तसंच उघडं.

छबी माझ्या मांडीवर उभी राहिली. एकेकाच्या तोंडाकडे पाहत पाहत शेवटी माझ्याकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "झालं? उलटू?"