दोन मिनिटं कॉरिडॉरमध्ये

कुंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, रेवाने केला, तेव्हा मी बेलव्ह्यूला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. "मिलिंदकाका, मॉम इज गॉन," एवढंच ती म्हणाली. पहाटे झोपेतच हृदय थांबलं होतं. तो फोन मला अजून पचलेला नाही, पण हे लिहायला मी बसलो तो त्यानंतर तीन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या फोनमुळे. तो आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाचा, श्रीकांतचा होता. गावच्या सिटी काउन्सिलने पुढच्या मीटिंगची सुरुवातीची प्रार्थना कुंदाताईंच्या स्मृतीला अर्पण करायचं ठरवलं होतं. ती मंडळाने म्हणायची, आणि मंडळातर्फे मी. "तूच म्हण यार, तुला त्यांनीच तर शिकवलं होतं," श्रीकांत म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला. जी बाई अकरा वर्षं त्या प्रार्थनेच्या वेळी उठून बाहेर गेली, तिला श्रद्धांजली म्हणून प्रार्थना!

आमचं गाव सिएटलपासून पाऊण तासावर. काउन्सिलची मीटिंग महिन्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी. तिथे रस्त्यावरचे खड्डे, झाडांची छाटणी, पार्किंग असले विषय चालतात, पण सुरुवात प्रार्थनेने होते. पूर्वी गावातल्या चर्चचे पाद्री आळीपाळीने येऊन ती म्हणायचे. कुंदाताई पहिल्यांदा गेल्या त्या घराजवळच्या चौकात स्टॉप साइन हवी म्हणून. साइन लागली, तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई नागरिकांना मिळणाऱ्या तीन मिनिटांत दर महिन्याला काहीतरी बोलायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, की ही खोली सगळ्यांची आहे, इथे कुणाचीच प्रार्थना नको. प्रार्थनेला सगळे माना खाली घालून उभे राहिले की ही पर्स उचलून कॉरिडॉरमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ जाऊन उभी. पर्समध्ये इडलीसाठी वापरायचा पांढरा टायमर असायचा, आकडे पुसत आलेला. त्यावर दोन मिनिटं लावायची, तो वाजला की आत.

मंडळात सगळ्यांनी त्यांना नास्तिक ठरवून टाकलं होतं. काय बोलायचं अशा लोकांना! त्यांच्या घरी रोज संध्याकाळी देवापुढे निरांजन लागायचं, आणि संकष्टीचा उपास त्यांनी डॉक्टरांना न जुमानता केला. मी एकदा विचारलंच, की मग बाहेर कशाला जाता? त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. खानदेशातल्या त्यांच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नसीम नावाच्या मुलीला बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. "आम्हाला वाटायचं, मजा आहे हिची, पाठांतर नाही. चार वर्षं ती बाहेर आणि मी आत, मिलिंद. एकदाही मनात आलं नाही की आपण दार उघडून बघावं ती काय करतेय..." एवढं बोलून त्यांनी साखर विचारली. मी गेली पाच वर्षं बिनसाखरेचा पितो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मग गावात आपली वस्ती वाढली आणि काउन्सिलने हिंदू प्रार्थनेसाठी मंडळाला बोलावलं. आमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणणार मी. संस्कृतची माझी बोंब, म्हणून मी कुंदाताईंकडेच गेलो आणि त्यांनी मला तीन रविवार घासून घेतलं. टायमर समोर ठेवून, एकेक शब्द सुटा करून... दोन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी पुन्हा पहिल्यापासून. मी समजलो, बाई विरघळल्या. त्या मंगळवारी सगळं मंडळ पैठण्या आणि झब्बे घालून हजर, मी माइकपाशी उभा, तोंड उघडणार तोच तिसऱ्या रांगेतून कुंदाताई उठल्या, पर्स उचलली आणि बाहेर गेल्या. आमच्या सगळ्या मंडळासमोर, काउन्सिलसमोर! मी त्यांच्या पाठीकडे बघत श्लोक म्हटले. नंतर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलंच.

"तुम्हीच शिकवलंत ना? मग हे काय होतं?"

"शिकवलं की. म्हणायचं तर नीट म्हणावं. माझ्या घरी ये, रोज म्हण. इथे नको."

"त्यांचं इतकी वर्षं चाललं, आता आपली टर्न आली तर..."

"त्यांच्या वेळीही मी बाहेरच होते, मिलिंद. तेव्हा तू मला ब्रेव्ह म्हणाला होतास."

मला इतका राग आला, की दोन महिने मी त्यांच्याकडे फिरकलो नाही.

आणि मग ते घडलं, ज्याची मला आज लाज वाटते. गावातल्या मशिदीच्या इमामांनी टर्न मागितली. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर त्याविरुद्ध ऑनलाइन अर्ज फिरला. 'वातावरण बिघडेल' वगैरे भाषा. सगळे सही करत होते, मीही केली, मुलाला पोहायच्या क्लासला सोडताना, सिग्नलला, अंगठ्याने. काउन्सिलने विषय कमिटीकडे ढकलला, आणि कमिटीकडे तो अजून पडून आहे. कुंदाताई आपल्या तीन मिनिटांत म्हणाल्या, की कुणालाच देऊ नका, पण आम्हाला दिलीत तर त्यांना नाकारायचा तुम्हाला काय हक्क? टाळ्या एकट्या इमामसाहेबांच्या. मला त्या बाहेर भेटल्या, तेव्हा फक्त म्हणाल्या, "तुझं नाव बाराव्या नंबरवर आहे." मी म्हणालो, येतो रविवारी, बोलू. त्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी रेवाचा फोन आला.

श्रीकांतला मी नाही म्हणालो. त्याला कळेचना. "अरे, इट्स अ‍ॅन ऑनर! आता कॅन्सल केलं तर कसं दिसेल?" रेवाला विचारलं, तर ती रडवेली होऊन म्हणाली, "शी वुड हेट धिस, काका. पण माझ्यात आत्ता फाइट नाहीये. यू टेल देम." आणि तिने तो टायमर माझ्या हातात ठेवला. मी सांगून बघितलं, मंडळाला सांगितलं, काउन्सिलला ईमेल केला. मंडळ म्हणालं, मग श्रीकांत म्हणेल. काउन्सिलकडून उत्तर आलं, की आमच्या भावनांचा त्यांना आदर आहे. डोकं आपटावं अशी भिंतही सापडेना.

त्या मंगळवारी मी नागरिकांच्या यादीत नाव लिहिलं. माझ्या तीन मिनिटांत मी माझी सही मागे घेतली आणि कुंदाताई दर महिन्याला शेवटी म्हणायच्या ते वाक्य त्यांच्याच शब्दांत म्हटलं. टेबलामागून 'थँक यू' आलं आणि लगेच पार्किंगचा विषय सुरू झाला. पण सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. समोर पडद्यावर कुंदाताईंचा हसरा फोटो होता, त्याला कुणीतरी कॉम्प्युटरवरच हार घातला होता. श्रीकांत माइकपाशी गेला, सगळे उठले. मागच्या रांगेत इमामसाहेब होते, तेही कुंदाताईंसाठी आले होते, आणि तेही मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्याजवळून जाताना माझी नजर वर झाली नाही. मी कॉरिडॉरमध्ये आलो, नळाजवळ उभा राहिलो आणि टायमरवर दोन मिनिटं लावली. इतकी वर्षं त्या इथे एकट्या उभ्या राहिल्या, आणि मी एकदाही दार उघडून बघितलं नव्हतं. दारातून श्रीकांतचा आवाज येत होता, तेच श्लोक, मला पाठ असलेले... टायमर वाजला. आत प्रार्थना चालूच होती. मी पुन्हा दोन मिनिटं लावली.