पेटवून राहिलो

श्रावणातला दुसरा मंगळवार. सकाळचे नऊ वाजलेले. भातकुलीकडच्या नदीकाठच्या दवाखान्यात मी कात्र्या उकळत होते. मी तिथली नर्स. पूर्णेपलीकडच्या माळ्यांच्या वस्तीतला महादेव डोंगी, म्हणजे लहान होडी, वल्हवत आला.

"बाई, सरजावहिनी बाळंत झाली, पण रक्त थांबून नाही राहिलं. बसा डोंगीत."

डोंगीला अर्धा तास लागायचा, आमच्या स्टीम लाँचला दहा मिनिटं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. पावसाळ्यात ही लाँच टपाल आणि दवाखान्याची माणसं नेई. बाकी आठ महिने काठावर ताडपत्रीखाली. मी ओसरीतूनच ड्रायव्हर गणपतभाऊंना विचारलं, "वाफ आहे का?"

"पेटवून राहिलो, बाई."

मी पुण्याची. नोकरीला महिना झालेला. मला वाटलं, भट्टी पेटवून माणूस तयार बसलाय. महादेवला म्हटलं, "तू नीघ. मी तुझ्याआधी पोचते."

घाटावर गेले तर गणपतभाऊ ओल्या लाकडांवर रॉकेल शिंपडत होते.

"आत्ता पेटवताय?"

"तेच तं म्हटलं. पेटवून राहिलो."

वऱ्हाडात 'पेटवून राहिलो' म्हणजे 'पेटवतोय'. थंड बॉयलरचं पाणी आधी तापायचं, मग वाफेचा दाब चढायचा. दाबाचा काटा खुणेच्या रेघेवर आल्याशिवाय लाँच हलत नाही. डोंगी मध्यावर पोचली होती; माझी हाक तिथवर गेली नाही. दुसरी नाव नव्हती. धूर भरपूर निघत होता. काटा जागचा हलत नव्हता.

मी पोचले तेव्हा सरजा गेली होती. सासू नातीला पदरात घेऊन बसली होती.

"तुमचा धूर दिसून राहिला होता, बाई," ती म्हणाली. "आमी सरजीले सांगतलं, बाई निंगाल्या. मंग काहून नाही आल्या?"

मी मुलीची नाळ नीट बांधली.

संध्याकाळी फेरीवरून परतलेले डॉक्टर म्हणाले, "रिपोर्टात लिहा, लाँचला उशीर झाला."

"लाँचचा दोष नाही, सर. मी चुकीचं ऐकलं."

"ते लिहायची गरज नाही."

मी लिहिलं.

पुढे सगळी नोकरी वऱ्हाडातच झाली. 'तयार आहे का' असं पुन्हा कुणाला विचारलं नाही. काटा कुठे आहे, तेवढं विचारत आले.

सरजा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ घेऊन घाटावर गेले.

"कोठी जाचं हाय, बाई?"

"कुठेच नाही. पेटवा."

काटा रेघेवर यायला एक तास दहा मिनिटं लागली.