कापूस अडकला पाहिजे

रावसाहेबांच्या शर्टाच्या खिशात कायम कापसाचा एक बोळा असायचा. लग्न होऊन लखनौला आल्यावर पहिलं वर्षभर प्रतिमाला वाटत होतं, सासऱ्यांचा कान दुखत असेल. मग एकदा सुताराने बसवलेल्या नव्या कपाटाच्या दारावरून त्यांनी तो बोळा अलगद फिरवला. एका कडेला कापसाचा तंतू लटकून राहिला. ते एवढंच म्हणाले, "भैया, यहाँ काँटा है." सुतार बोटं फिरवत राहिला, त्याच्या हाताला काही लागेना. कापसाला मात्र लागलं होतं.

हा बोळा आलमबागच्या रेल्वे कारखान्यातला. कामठीहून बाविसाव्या वर्षी आलेले रावसाहेब तिथे अडतीस वर्षं डब्यांच्या आतल्या भिंती घासत होते. खाचाखोचांत लांबीची पुट्टी भरायची, सुकली की रेगमालाने, म्हणजे काचकागदाने, घासायची, पाणी मारून पुन्हा घासायची आणि शेवटी कापूस फिरवायचा. तंतू अडकला की काम नापास. "खिडकीले गाल टेकवून झोपलेल्या माणसाले ओरखडा येऊ नये," असं ते आपल्या नोकरीचं वर्णन करायचे. याहून जास्त त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतरची आठ वर्षं जानकीपुरमच्या घरात सब्जी आणणं आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणं यांत गेली होती. ते घरात असतात हे प्रतिमा कधीकधी विसरून जायची.

तिचं सगळं लक्ष सलोनीवर. सलोनी अकरावीत. हॉलमध्ये तिची तीन फुटांची माशांची टाकी होती आणि त्या टाकीने प्रतिमाच्या जिवाला घोर लावला होता. तीनपैकी दोन गोल्डफिश मेले होते. उरलेला एक, त्याचं नाव लड्डू, हिरव्या पाण्यात धूसर दिसायचा. काचांवर शेवाळ, दगडांवर शेवाळ. ते खरवडायला सलोनी कोपरापर्यंत हात आत घालायची आणि वर पाण्याला टेकेल इतका खाली दिवा लोंबत असायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी कूलरमध्ये पाणी भरताना प्रतिमाला असा झटका बसला होता की ती भिंतीवर जाऊन आदळली होती. तेव्हापासून पाणी आणि वायर एकत्र दिसली की तिच्या तळहातांना घाम यायचा. नवरा, शरद, रेल्वेत इंजिनिअर, अर्धा महिना लाइनवर. काळजी करायचं काम तिच्या एकटीकडे.

"पंधरा दिवस," एका रविवारी तिने सांगून टाकलं. "पाणी साफ झालं नाही, तर आलमबागचा मासेवाला येऊन टाकी माशासकट घेऊन जाईल. मी त्याला फोन केलाय."

"मम्मी, यार!" सलोनी रडवेली झाली. "तरीका है ना! टंकी के ऊपर एक डिब्बा, उसमें जाली. जाली पर मोटर से पानी गिराओ, दोनों तरफ तेज़ लाइट. सारी काई वहीं उगेगी. मछली की गंदगी ही उसका खाना है. वहाँ खा लेगी तो टंकी में भूखी मरेगी. हफ़्ते में एक बार जाली खुरच दो, बस."

"आणि हे बांधणार कोण? तू? करवत घेऊन?"

पेपर खाली आला.

"म्हणजे शेवाळाले दुसरं घर बांधून द्यायचं," रावसाहेब म्हणाले.

"हाँ आबा!"

"मी देतो."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर काम सुरू झालं. प्रतिमा कपडे वाळत घालायला वर गेली आणि बादली हातात धरून उभीच राहिली. रावसाहेब प्लायवूडवर पेन्सिलने एकच वक्र रेघ ओढत होते. पट्टी नाही, कंपास नाही. दुसऱ्या बाजूची रेघही तशीच ओढली आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले तेव्हा कडेला कड मिळाली. टाकीवर बसवायचं ते छप्पर रेल्वेच्या डब्याच्या छतासारखं गोलसर होत होतं. वाफ बाहेर जायला बाजूंना तिरप्या फटी, आतला ओलावा थेंब होऊन पुन्हा टाकीतच पडावा म्हणून कडेने बारीक पन्हळ. लांबी, रेगमाल, पाणी, पुन्हा रेगमाल. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे हात चहाचा कप धरताना किंचित थरथरायचे, पण प्लायवूडवर टेकले की थरथर कुठे जायची कोण जाणे. तिने नकळत छपरावर हात फिरवला. लाकडाला हात लागतोय की साबणाच्या पाण्याला, कळेना.

"बाबा, तुम्ही हे रोज करायचात?"

"रोज. पन्नास-पन्नास फूट."

तिने अठरा वर्षांत त्यांना हे विचारलं नव्हतं.

छप्पर बसवलं त्या दिवशी त्यांनी तिला मुद्दाम हॉलमध्ये बोलावलं. "उघड."

प्रतिमा मागे सरकली. आत दोन लाल दिवे होते, मोटर होती, वायरी होत्या, आणि खाली पाणी. "सलोनीला सांगा ना."

"नाही. तूच."

तिने दोन बोटांनी छप्पर उचललं. उचलताक्षणी दिवे विझले, मोटर गप्प झाली. खाली टेकवलं, पुन्हा लागले. पुन्हा उचललं, विझले. फ्रिजच्या दारात असतं तसलं, पण उलट चालणारं बटण त्यांनी बिजागरीपाशी बसवलं होतं. छप्पर उघडं असेपर्यंत आत करंट जाणारच नाही. वायरीसुद्धा आधी खाली लोंबकळून मग वर प्लगकडे नेल्या होत्या, म्हणजे ओघळलेला थेंब खालच्या वळणावरूनच जमिनीवर पडावा.

"कूलरनं तुले फेकलं होतं ना," ते म्हणाले, "मी इथंच बसून होतो तेव्हा. उठता उठेना मले." आणि पेपर घेऊन बसले.

प्रतिमाने छप्पर आणखी एकदा उचललं आणि हळूच खाली टेकवलं.

पण शेवाळ काही नव्या घरात येईना. अमीनाबादच्या बाजारातून आणलेली भरतकामाची प्लास्टिकची जाळी रावसाहेबांनी नेमकी कापली होती. वरच्या फट पाडलेल्या पाइपातून पाण्याचा पातळ पडदा तिच्यावरून अखंड उतरत होता, दिवे रोज बारा-बारा तास जळत होते. सकाळी जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर दिसायचा आणि संध्याकाळपर्यंत सुटून वाहून जायचा. सहावा दिवस गेला, आठवा गेला. टाकीतलं पाणी आणखी हिरवं. दहाव्या दिवशी लड्डू पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत-मिटत राहिला. सलोनी टाकीपाशी बसूनच जेवली. रावसाहेब दर तासाला छप्पर उघडून जाळी पाहायचे आणि पुन्हा मिटायचे. दिलेला शब्द हातातून सुटतोय हे त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. मासेवाल्याचाही फोन येऊन गेला, "मैडम, संडे पक्का ना?"

अकराव्या दिवशी दुपारी प्रतिमा गच्चीवर कूलरच्या पाइपाखालून जाताना घसरता घसरता वाचली. शिवी तोंडात आली आणि तिथेच थांबली. पाइपातून गळणारं पाणी आधी फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर पडत होतं आणि मग खडबडीत सिमेंटवर. फरशी स्वच्छ. सिमेंटवर हिरवा गालिचा. अमरावतीच्या कॉलेजात बॉटनीच्या प्रॅक्टिकलला नाल्यातले दगड उचलून पाहिले होते ते तिला आठवलं. शेवाळाला मुळं नसतात, नुसती पकड असते. पकडायला काहीतरी लागतं.

ती खाली आली. छप्पर उचललं, दिवे विझले. जाळीवर बोट फिरवलं. दुकानातून आणली तेव्हा हाताला बोचत होती ती जाळी. आता रेशमासारखी. रावसाहेबांनी तिचा कोपरान् कोपरा रेगमालाने घासून काढला होता. कोणी सांगितलं नव्हतं. बोचरी वस्तू तशीच बसवणं त्यांना जमलंच नसणार.

चार दिवस. गप्प राहिलं तर रविवारी टाकी जाईल, वायरी जातील, घोर जाईल. आपण काही केलं असं होणार नाही, फक्त बोललो नाही एवढंच. हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण हातात छप्पर होतं आणि ते उघडं असेपर्यंत आत करंट नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "जाळी फार गुळगुळीत झालीये. शेवाळाला धरायलाच काही नाही."

रावसाहेबांनी जाळी बाहेर काढली. सवयीने खिशातून कापूस काढून फिरवला. बोळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुळकन गेला.

"काम पास आहे," ते हळूच म्हणाले. "म्हणूनच नापास."

त्यांनी करवतीच्या पात्याचा तुकडा घेतला, जाळी पाटावर ठेवली आणि हात हवेतच राहिला. "अडतीस वर्षांत एक काम बिघडवलं नाही मी, प्रतिमा."

"बिघडवायचं नाही, बाबा. पकड द्यायची आहे."

पहिला ओरखडा भीत भीत उमटला. दुसरा जरा खोल. मग तिने जे पाहिलं ते ती पुढे कित्येकांना सांगत राहिली. रावसाहेबांनी आधी उभं, मग आडवं, मग तिरपं पातं चालवलं आणि खरखरीतपणासुद्धा तसाच घडवला जसा ते गुळगुळीतपणा घडवत. प्रत्येक चौकटीच्या प्रत्येक काठीवर सारखे काटे, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. तीन तास लागले. शेवटी त्यांनी कापूस तिच्या हातात दिला. "घे परीक्षा."

तिने बोळा ठेवला आणि तो जागचा हलला नाही. ओढला तर फाटला. सगळ्या जाळीवर पांढरे तंतू उभे राहिले, जणू तिला पीक आलं होतं.

"हर जगह अटक रहा है, आबा!" सलोनी ओरडली.

"अटकू दे."

तंतू वेचून काढल्यावर टाकीच्या काचेवरचं थोडं शेवाळ सलोनीने जाळीवर चोळलं. तिसऱ्या दिवशी काट्यांच्या टोकांवर हिरवी धूळ दिसली. रविवारी सकाळी जाळीवर हिरवी लव होती आणि पाण्याच्या पडद्याखाली ती सगळी एका दिशेने डुलत होती. इतकी वर्षं प्रतिमाने जे घासून घासून मोरीतून, गच्चीवरून घालवलं होतं, तेच समोर जिवंत उभं होतं आणि पाण्यातली घाण खात होतं. टाकी अजून नितळ नव्हती. पण लड्डू खाली दगडांत चरत होता आणि त्याच्या शेपटीची प्रत्येक रेघ दिसत होती.

मासेवाला टब घेऊन आला. छपराभोवती एक फेरी मारली, गोलाईवर हात फिरवला आणि हात तिथेच राहिला. "ये कहाँ से मँगवाया, मैडम?"

"मँगवाया नहीं. हमारे बाबा ने बनाया."

"तो टंकी ले जाऊँ?"

सलोनी टाकीला पाठ लावून उभी होती. रावसाहेबांनी पेपर वर धरला होता, पण पान उलटत नव्हतं.

"नहीं, भैया," प्रतिमा म्हणाली. "टंकी कहीं नहीं जाएगी."

पुढच्या रविवारी जाळी खरवडायची वेळ आली. सलोनी क्लासला गेली होती. प्रतिमाने छप्पर उचललं. दिवे विझले तरी ती क्षणभर थांबली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. जाळीचं खालचं टोक पाण्यात अडकवलेलं होतं, ते सैल करायला तेवढा घालावाच लागत होता. पाणी गार होतं. लड्डू येऊन तिच्या बोटांना हुंगून गेला.

जाळी काढून ती मोरीत खरवडू लागली. मूठभर हिरवा लगदा निघाला, मेथीसारखा ओला आणि जड. तिच्यातली सवय जागी झाली आणि तिने काथ्या उचलला, पार लख्ख करायला.

"सगळं नको काढू," मागून रावसाहेब म्हणाले. "थोडं बियाणं राहू दे."