मागे फिरणारं रक्त

शेलूबाजारच्या उस्मानभाई कूलरवाल्यांची अनम पुण्यात संगणकावर रक्ताच्या वाटा आखते. एमआरआयमधून हृदयातल्या रक्ताचा वेग कळतो. त्यावरून ते कुठून आलं, कुठं वळलं, याच्या रेषा काढायच्या, हे तिचं काम. पण घरी आईपुढे तिचं काही चालेना.

आईच्या, अमीनाबीच्या, हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. तिचं एकच पालुपद, "उमर झाली तं दम लागनारच. चांगल्या कलेजाले चिरा कायले लावता?" उस्मानभाईंनी विनवून पाहिलं, रागावूनही पाहिलं. ती काही बधली नाही.

शेवटी अनमने दवाखान्यातून आईचा एमआरआय मागून घेतला आणि रजा टाकून घरी आली. दुपारची जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर हजारो लाल-निळ्या रेषा, एकीवर एक चढलेल्या.

"हे काय वं? झाडझुडूप हाय का काय?"

"तुझंच रक्त हाय, अम्मी."

"मले तं काईच नाई समजून राह्यलं." अमीनाबी उठून भांडी घासायला गेली.

अनमचे डोळे भरून आले. एकही रेषा गाळणं तिला खोटेपणा वाटे. पण त्या गर्दीतच दाखवायचं ते झाकलं जात होतं. ती पुन्हा बसली. एकसारख्या वाहणाऱ्या रेषांच्या जुडग्यातून एकेकच ठेवली. पुढे आड येणाऱ्या फिक्या केल्या. झडपेतून मागे फिरणाऱ्या तेवढ्या ठळक लाल राहू दिल्या.

संध्याकाळी मगरिबची नमाज पढून अमीनाबी आली, तेव्हा अनमने चित्र तिच्यापुढे धरलं. बराच वेळ पाहून आईने लाल रेषेवर बोट ठेवलं.

"हे वापस काहून येऊन राह्यलं?"

"झडप मिटत नाई ना. मंग तेच रक्त हृदयाले पुन्हा ढकला लागते."

"म्हनजे बिचारं डबल काम करून राह्यलं!" अमीनाबीचा हात आपसूक छातीवर गेला, लेकराला थोपटावं तसं तिने थोपटलं. "अन् मले वाटे, मीच आळशी झाली. म्हनून थकल्याचं कोनाले सांगतच नव्हती."

अनमने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

ऑपरेशन नागपूरला झालं, नीट झालं. ईदनंतर अनम पुण्याला निघाली, तेव्हा अमीनाबी जीपपर्यंत पायी आली. शेजारच्या खुशबूचं लग्न कुठं ठरलं, शिरखुर्मा कुणाकडे पातळ झाला, तिचं बोलणं काही थांबेना. अनम हूं हूं करत होती. बातम्यांकडे तिचं लक्ष नव्हतं; आई दम न लागता, न थांबता बोलतेय, एवढंच ती ऐकत होती.