मागे सरकणारे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका फुटबॉल कळणारा माणूस साकोली तालुक्यात झाला नाही, आणि फुटबॉलला इतका छळणाराही दुसरा झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सानगडीचे धानाचे शेतकरी आणि गावच्या क्लबचे कित्येक वर्षांचे मॅनेजर. उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या पोटात आमचं मैदान निघे. तिथे भाऊजी पोट्ट्यांना धानाच्या बांधीत, चिखलाच्या वाफ्यात, उतरवल्यासारखं एका ओळीत उभं करत. रोवणीच्या बाया धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, लावत मागे मागे सरकतात, तशी चेंडू दिसला की सगळी टीम ओळ न मोडता मागे सरकायची. "समोर जाऊन कोनी रोवते काय गा?" ते विचारत. "आपलेच पऱ्हे आपल्याच पायाखाली येतात." त्यामुळे आमच्यावर गोल होत नसे आणि आमच्याकडूनही होत नसे. एकदा एकाने चुकून गोल केला, तर ओळ मोडली म्हणून भाऊजींनी त्यालाच बाहेर बसवलं.

घरीही हाच खाक्या. ताईशी वाजलं की तोंड तिच्याकडे ठेवून ते उलट्या पावलांनी अंगणात जात. "पाठ दाखवली का मानूस हरते," हे त्यांचं तत्त्व. एकदा त्या नादात गुरांच्या पाण्याच्या टाक्यात बसले, पण तिथूनही मुद्दा सोडला नाही.

शून्य-शून्यला कंटाळून यंदा क्लबने त्यांना काढलं आणि साकोलीहून शिकलेला मॅनेजर आणला. त्याने टीमला पुढे पळायला शिकवलं. टीम पुढे पळे आणि मागे गोल होत. भाऊजी मात्र रोज तलावाच्या पाळीवर येऊन मैदानाकडे पाठ करून बसू लागले. चेंडूचा आवाज आला की पुटपुटत, "मांगं, मांगं." ताई म्हणाली, "जेवन नाही जाऊन राहिलं गा त्यायले."

आंधळगावचा सामना तोंडावर आला तेव्हा बैठक बसली. अर्धे म्हणाले, भाऊजींना परत आणा. अर्धे म्हणाले, पुन्हा शून्य-शून्य पाहायचं काय? शेवटी ठरलं, आणायचं, पण पोरांना पुढे जाऊ द्यायचं या अटीवर. निरोप माझ्या गळ्यात पडला. त्यांच्या एकेका मुद्द्याला उत्तर पाठ करून मी भांडायच्या तयारीनेच पाळीवर चढलो.

भाऊजींनी न वळता सगळं ऐकलं.

"चालते ना," ते म्हणाले. "जाऊ देईन समोर. मले नुस्तं बाजूले उभं ठेवा, तरी चालते."

टाक्यात बसूनही न हरलेला माणूस असा एका वाक्यात हरलेला मला पाहवेना. फार वाईट वाटलं. "अट सोडून द्या, भाऊजी," मी म्हणालो. "क्लबवाल्यांचं मी पाहून घेतो. तुम्ही चला फक्त."

ते उठले, मैदानाकडे वळले आणि पाळ उतरून चक्क पुढे धावत सुटले. त्यांना असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. डावा पाय ओढत होते, तेही मला तेव्हाच दिसलं; उलट्या चालीत ते कधी कळलंच नव्हतं. खाली पोचताच आवाज आला, "मांगं सरका बे."

आंधळगावशी शून्य-शून्य सुटलं. अटीचं नाव गावात कोणी काढलं नाही. रात्री भाऊजींनी दोनदा भात मागून घेतला, आणि ताई वाढताना माझ्याकडे पाहून नुसती हसली.