दादा प्रवाहात उतरला तेव्हा

माझ्या मोठ्या भावाने आमच्या धाड गावातल्या निम्म्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवलं. मला तेवढं आलं नाही. मी काठावरच रडायचे. पन्नाशीत दादाला लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. वर्षभर तो ओसरीत बसून होता.

मी खामगावला शाळेत शिकवते. एका रविवारी भेटायला गेले तेव्हा मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ दाखवला. उथळ समुद्रात, तोंडाला नळी लावून माणसं प्रवाळांवरून तरंगत चालली होती.

"हे तं हातपायच हालवून नाही राह्यले," दादा म्हणाला.

"प्रवाहच नेतो त्यांना."

"मंग मले काऊन नाही नेणार?"

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नाइलाजाने होकार दिला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला गेलो.

दोघांनी धरून दादाला होडीतून पाण्यात उतरवलं. लाइफ जॅकेट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. गाइडने त्याचा निकामी हात धरला. "अंकल, आपको कुछ नहीं करना. पानी ले जाएगा," तो म्हणाला. मी रबरी रिंगला गच्च धरून मागे. होडी आमच्यामागून हळूहळू येत होती.

खाली प्रवाळांच्या जांभळट फांद्या सरकत होत्या. हिरवे-निळे मासे त्या कुरतडत होते, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू यायचा. मग रंग संपले. पुढे सगळं पांढरं, मेलेलं, वर शेवाळ चढलेलं. तिथून लवकर निघावं असं वाटलं, पण पाणी आपल्याच चालीने नेत राहिलं.

वीसेक मिनिटांनी आम्हाला वर घेतलं. दादाने काच काढली. "मी पवलो का वाहलो?"

"पोहलास ना."

"खोटं नको बोलू. एक हात मारून पाह्यला मी. पाण्यानं इकडचं तिकडं होऊ नाही देलं."

आणि तो रडायला लागला. गाइडला वाटलं, आनंदाने. त्याने दादाची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरलं होतं. "तू जा," दादा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मीही गेले नाही.

धाडला परतल्यावर लोक समुद्राबद्दल विचारायला यायचे. दादा माझ्याकडे बोट दाखवायचा. मी मासे, रंग सांगायचे. पांढऱ्या भागाचं कधी सांगितलं नाही. तो दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसा ऐकायचा.

होळीच्या आधी त्याला दुसरा झटका आला. मी पोहोचेपर्यंत दादा गेला होता. त्याला तिथे नेलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.