नको म्हटलेलं मला ऐकू आलं होतं

सांगलीच्या एका रुग्णालयात मी मानसशास्त्राचं प्रशिक्षण घेत होते. शेवटचं वर्ष होतं. साताऱ्याला घरी सगळे मला आत्ताच डॉक्टरीणबाई म्हणायला लागले होते, आणि मीही कुणाला थांबवत नव्हते.

परीक्षेसाठी रुग्णाशी केलेल्या एका बोलण्याचं रेकॉर्डिंग द्यावं लागायचं. रुग्णाची लेखी संमती हवी, बाकी अट नव्हती. माझ्याकडे चार रेकॉर्डिंग होती आणि चारही सपक. झोप, भूक, गोळ्या. माझ्याबरोबरच्या मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक माणूस हमसून हमसून रडला होता. मला तिचा हेवा वाटला. हे लिहिताना आत्ताही मान खाली जाते, पण वाटला.

त्याच आठवड्यात पलूसकडच्या एक मावशी तिसऱ्यांदा आल्या. पन्नाशीच्या, नवरा फौजेतून निवृत्त झालेला, घरचा ऊस. झोप लागत नाही, ही तक्रार. थोरली लेक आठ वर्षांपूर्वी काविळीनं गेली, एवढं एक वाक्य त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नव्हता.

संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली, मी मोबाइल टेबलावर ठेवला. त्यांना सुनेबद्दल बोलायचं होतं. सुनेनं स्वयंपाकघरातले डबे हलवले होते.

“आता काय कुठं हाय, मला गावतच न्हाई,” त्या म्हणाल्या. “ते डबं तर...”

मी मध्येच तोडलं. “मावशी, तुमच्या लेकीबद्दल सांगा ना.”

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “त्ये आज नगं.”

“बोललं की मोकळं वाटतं,” मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलकडे बघितलं. “तुमच्या परीक्षेला लागतंय व्हय?”

“नाही हो. तुमच्यासाठीच विचारतेय.”

मग त्यांनी सांगितलं. लेकीचे पिवळे डोळे, मिरजेला नेताना गाडीत तिनं मागितलेलं पाणी. त्या पदर तोंडात कोंबून रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, शिकवलेली वाक्यं शिकवलेल्या आवाजात म्हटली. आणि मनात काय चाललं होतं? आवाज नीट येतोय ना, एवढंच.

दोन दिवसांनी आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते रेकॉर्डिंग माझ्यासमोर ऐकलं. शाबासकीची वाट बघत मी बसले होते. त्यांनी मध्येच थांबवलं, मागं नेलं, पुन्हा लावलं. “त्ये आज नगं.”

“हे तुला ऐकू आलं नव्हतं?”

नाही म्हणता आलं असतं. शिकाऊ माणसाचं न ऐकणं माफ होतं. पण मी म्हटलं, “आलं होतं.”

त्यांनी आणखी मागं नेलं. “आणि इथं? ‘ते डबं तर’ म्हणतायत त्या. कुणी लावले होते ते डबे, विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. ते लेकीनं लावलेले असतील, हे मला तेव्हा कुठं सुचलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की हे रेकॉर्डिंग परीक्षेला जाणार नाही, माझं प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढेल, आणि मावशींना आजच फोन करायचा.

फोन केला तेव्हा मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी सगळं कबूल केलं. भांड्यांचा आवाज थांबला.

“आवं, लागतंय म्हणून सांगायचं की,” त्या म्हणाल्या. “मी न्हाई म्हनलं नसतं. खोटं कशाला बोललासा?”

पुन्हा त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मार्गदर्शक बाईंकडे मात्र काही महिने येत राहिल्या. व्हरांड्यात दिसल्या की मलाच विचारायच्या, “जेवलासा का?” मी मान हलवून पुढे निघून जायची.

आता मी साताऱ्यात शिकवते. रुग्णाचं ‘नको’ कसं ऐकावं, यावर दरवर्षी एक तास घेते आणि हाच प्रसंग सांगते. मुलं वह्यांत उतरवून घेतात. फक्त सुरुवात करताना मी म्हणते, “आमच्या वेळी एक विद्यार्थिनी होती...”